आतून शिवलेली टिटवी

सुभेदार आत्माराम भोईटे झोपतात तेव्हा त्यांचे डोळे आधी झोपतात, मग हातपाय, मग पोटातलं जेवण, आणि कान सगळ्यांत शेवटी. त्याला कारण आहे. पलटणीतली त्यांची सगळी नोकरी कानांवरच झाली. डोक्याला हेडफोन लावून डोंगरापलीकडच्या लोकांचं बोलणं ऐकायचं, वर कळवायचं आणि विसरून जायचं, हेच काम. तेव्हापासून कानांना जी जागं राहायची खोड लागली ती लागलीच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, कुणाला ठाऊक!

आत्ताही दहिवडीच्या घरात, पडवीतल्या खाटेवर ते आडवे झालेत. पितरांचा पंधरवडा चालू आहे. दुपारी खीर-वडे झालेत आणि ते अंगावर आलेत. सूनबाई सुरेखा आत नळ सोडून भांडी घासतेय. पापण्या जड झाल्यात, पण कान काही पडत नाहीत. आणि आज झोप यावी असा दिवसही नाही. ऊन कललं की ठकूवहिनी येणार आहेत, आणि त्या येणार आहेत उत्तर घ्यायला.

ठकूवहिनी कोण ते सांगितलं पाहिजे. हवालदार बिरा धायगुडे म्हणून एक माणूस होता, त्याची ही विधवा. बिरा हा आत्मारामचा उस्ताद. जात धनगराची, गाव इथून हाकेच्या अंतरावर, लहानपण सगळं मेंढरांमागं माणदेशाच्या माळावर गेलेलं. आत्माराम मिसरूड फुटायच्या वयात तुकडीत दाखल झाला तेव्हा ह्या माणसानं त्याला ऐकायला शिकवलं. खरखरीतून माणूस कसा वेचायचा, तो भितो आहे का खोटं बोलतो आहे ते श्वासावरून कसं ओळखायचं, सगळं त्यानंच. आणि तिकडंच, डोंगरावर, तुटलेली एरियलची तार जोडायला बाहेर पडला आणि बर्फात गेला. त्याला तीसेक वर्षं झाली. घरी कळवलं ते वेगळंच. रसदीच्या गाडीला अपघात झाला, असं. कारण जगाच्या लेखी ती तुकडी रसदीचीच होती.

तुकडीची एक रीत होती. बाकीच्या पलटणी आपला बिल्ला टोपीवर मिरवतात, छातीवर मिरवतात. ह्यांचा बिल्ला सदऱ्याच्या आतल्या अंगाला, डाव्या छातीवर शिवलेला असायचा. कापडाचा, रुपयाएवढा गोल, आणि त्यावर काळ्या लोकरीनं काढलेली टिटवी. बाहेरून दिसायचा तो बिल्ला रसदवाल्यांचा. नवा माणूस आला की त्याचा उस्ताद स्वतःच्या हातानं त्याला टिटवी शिवून द्यायचा आणि शिवताना त्याच्याकडून वदवून घ्यायचा, "ही टिटवी घरी न्यायची नाही." म्हणजे काय, तर बायको असो, आई असो, देव असो, अवाक्षर काढायचं नाही. माणूस तुकडी सोडून निघाला किंवा मेला, की ती उसवून चुलीत घालायची. बिरा गेला तेव्हा ते काम आत्मारामच्या वाट्याला आलं. त्यानं ब्लेडनं एकेक टाका काढला, दोऱ्याचा तंतू मागं ठेवला नाही, आणि सदरा बाकीच्या सामानासोबत गावी गेला.

टाके गेले, पण भोकं राहिली ना! तरण्या ठकूबाईनं नवऱ्याचा सदरा उलटा करून धुवायला घेतला तेव्हा डाव्या छातीवर, आतल्या बाजूनं, तिला सुईच्या भोकांचं गोल कडं दिसलं. आता बाईमाणसानं ह्याचा काय अर्थ लावावा? काळजाजवळ, कुणाच्या नजरेला पडू नये असं, कुणीतरी काहीतरी शिवलं होतं. आणि सामान घरी धाडायच्या आधी कुणीतरी ते गुपचूप काढून घेतलं होतं. तिनं एकच अर्थ लावला. तुम्ही आम्ही असतो तर तोच लावला असता.

तिनं आकांत केला नाही. मेंढरं सांभाळली, लेक उजवली, कुणापाशी चकार शब्द काढला नाही. फक्त नवऱ्याचा टाक करू दिला नाही. घरातला कर्ता माणूस गेला की सोनाराकडून त्याचा चांदीचा टाक घडवायचा आणि देव्हाऱ्यात पितरांच्या रांगेत बसवायचा, ही आमच्याकडची पद्धत. धायगुड्यांच्या देव्हाऱ्यात पणजा आहे, आजा आहे, बिराचा धाकटा भाऊसुद्धा आहे. बिरा नाही. भाऊबंद दर वर्षी म्हणतात आणि ठकूबाई दर वर्षी "पुढल्या साली बघू" म्हणते.

काल ती इथं पडवीत आली, पाणी प्याली आणि आडवळण न घेता म्हणाली, "भावजी, माझं आता किती दीस ऱ्हायलं? पुतनं म्हनत्यात, तुझ्या हातानं टाक बसीव, तुझ्या मागं कुनी करायचं न्हाय. बसीवते म्हनलं. पर मला तिचं नाव सांगा."

"कुणाचं, वहिनी?"

"जिनं त्येंच्या छातीला शिवलं तिचं. मी भांडाय जायची न्हाय, काळजी करू नगा. जित्ती असली तर साडीचोळी धाडीन. पर तुमी संगं हुता, तुमाला ठावं आसनारच. दुसरीनं जीव लावून शिवल्याला मानूस, नाव-गाव कळल्याबिगार मी माझ्या देव्हाऱ्यात कसा बसवू?"

आत्मारामच्या ओठावर आलं होतं. पण जीभ वळली नाही. "उद्या सांगतो," एवढंच तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, ह्यात अवघड काय? सांगून मोकळं व्हायचं! तेही खरं आहे. मागच्या महिन्यात तुकडीच्या हल्लीच्या मेजरसाहेबांचा फोनसुद्धा आला होता. तुकडीच्या स्थापनेचा मोठा सोहळा आहे, बिल्ल्याचा इतिहास लिहून काढतोय, जुन्या लोकांनी आठवणी सांगा, म्हणाले. "आता त्यात काही गुप्त राहिलं नाही, सुभेदारसाहेब. बिल्ला आम्ही टोप्यांवर छापलाय, कपांवर छापलाय." आणि फोनवर चित्र धाडलं. बघतो तर टिटवीचा ससाणा झालेला! बाकदार चोच, पसरलेले पंख, खाली संस्कृत वचन. आत्मारामनं चित्र पाहिलं आणि फोन सुनेकडं देऊन टाकला. तर सगळं असं उघड्यावर आलेलं. पण "तू आता मोकळा" असं त्याला कुणी म्हटलेलं नाही. आणि त्यानं शब्द सरकारला दिलाच नव्हता. दिला होता उस्तादाला. उस्ताद तो परत न देता मेला. आता म्हाताऱ्याचं हे असलं इमान शहाणपणाचं की येडपटपणाचं ते तुम्ही ठरवा. तो बिचारा ह्या सगळ्यानं फार दमलाय, एवढं मात्र खरं.

नळ वाहतोय. नळाचा आवाज सपाट होतो, मग त्याला खरखर सुटते. स्टेशन लागायच्या आधी रेडिओला सुटते तीच खरखर. आत्मारामचा हात झोपेतच कानाकडं जातो. खरखरीच्या तळाशी कुणीतरी श्वास घेतंय. ह्या श्वासाला तो ओळखतो.

"आत्म्या, सरक जरा," आवाज येतो. "जागा दे."

पडवीच्या कडेला बिरा धायगुडे उभा आहे. अंगात तोच लोकरी खाकी सदरा, खांद्यावर बर्फ. बाहेर आश्विनाच्या तोंडचं ऊन रणरणतंय आणि बर्फ काही वितळत नाही. वय तेच, चाळिशीच्या अलीकडलं. आत्मारामचा मुलगाही आता त्याच्याहून मोठा आहे. तरी आत्माराम धडपडत उठतो आणि खाटेशेजारी सावधान उभा राहतो.

"उस्ताद! या, बसा."

बिरा खाटेवर बसू पाहतो. गुडघे वाकतात, पण बूड काही टेकत नाही. खाट आपली जिथल्या तिथं आहे, तोही तिथंच आहे, आणि तरी बसणं होत नाही. तो पुन्हा उभा राहतो आणि पाय बदलतो.

"बघितलंस? कुटंच बसाय येत न्हाय. पाय नुसतं दगड झाल्यात बघ, आत्म्या. मेल्यावर तरी जरा टेकाय मिळंल म्हनलं हुतं."

"पाणी देऊ?"

"पानी नगं. त्यो तबेल्यातला चहा हाय का?"

चहा आहे. तबेल्यातच आहेत ते. एका अंगाला खेचरं बांधलीत, दुसऱ्या अंगाला फळ्यांवर रेडिओचे सेट मांडलेत, आणि मधे चुलाण्यावर काळा चहा उकळतोय. तुकडी उभी राहिली ती अशी. नाव नव्हतं, निशाण नव्हतं. मूठभर माणसं, खेचरांच्या मुताचा वास आणि कानांत परक्या मुलखाची भाषा. खेचर फुरफुरलं की ऐकलेलं वाक्य बुडायचं, म्हणून बिरा एका हातानं सेट फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं खेचराला गूळ चारायचा. आत्ताही तो तेच करतोय.

"पयला बिल्ला ध्यानात हाय का?" तो विचारतो.

"मी तेव्हा नव्हतो, उस्ताद. तुम्हीच सांगायचा."

"कान! कप्तानसायबानं ह्यो एवढा थोरला कान काढला कागदावर. म्हनलं, आपुन ऐकनारं, आपलं निशान कान. झालं! लंगरात जाऊ तितं समदी वराडायची, आलं बघा, गाढवाचं कान आलं. आठवड्यात कान बंद. मग सायबानं मला इचारलं, 'धायगुडे, तुझ्या मुलखात चांगलं कोन ऐकतंय?' म्या म्हनलं, टिटवी. माळावर मेंढराचं पाऊल चुकलं तरी तिला कळतंय. आन वराडती कुटं? घरट्यापाशी न्हाय. लांब पळती आन तितनं वराडती. ऐकायचं हितं आन वराडायचं तितं. सायेब खूश!"

"कारकून मोडता घालत होता म्हणे."

"घातला की. म्हनला, टिटवी वराडली की मयत व्हतंय, अपशकुनी पाखरू. म्या म्हनलं, दादा, ती मरान आनत न्हाय. येतंय एवढं सांगती. आननारं दुसरंच असतंय." बिरा चहा फुंकतो. "मग म्याच काढली पयली. सायबाच्या फाटक्या मफलरची लोकर घिऊन."

चुलाण्यामागं भिंतीला काचेचं कपाट आहे. तबेल्यात ते कुठून आलं, कुणास ठाऊक. आत दिवे लागलेत, आणि टोप्यांवर, कपांवर, बशांवर एकच पाखरू पंख पसरून बसलंय. बिरा काचेला नाक लावून बघतो.

"ह्यो कोन?"

"आपला बिल्ला. ससाणा केलाय आता. आपल्या वेळच्या कर्नलसाहेबांना पहाटे आभाळात ससाणा दिसला आणि त्यांना हे सुचलं, असं लिहिणारेत."

"कर्नलसायबाला?" बिरा हसायला लागतो. "आरं, चष्म्याबिगार त्येला फुडचं ताट दिसत नव्हतं. आबाळातला ससाना दिसला व्हय! आन ससाना काय करतंय? कुनी आलं म्हनून सांगतंय का? झडप घालतंय आन खातंय."

"मी त्यांना सांगू का, खरं काय ते?"

"नगं. ऱ्हाऊ दे. पोरांस्नी टोपीवर टिटवी बरी न्हाय दिसायची." हसता हसता त्याचा आवाज बसतो. तो भिंतीला टेकायला जातो आणि टेकता येत नाही म्हणून पुन्हा सरळ होतो. "चल. माझी गाडी लागली असंल."

गाडी लागलीय. दहिवडीच्या स्टँडवर बर्फ पडतंय. रसवंतीच्या छपरावर पडतंय, उसाच्या चोयट्यांवर पडतंय, आणि कुणाला त्याचं काही नाही. लाउडस्पीकरवर म्हसवडच्या गाडीची सूचना होतेय, पण भाषा पलीकडची आहे. तीच, वर्षानुवर्षं कानांत ओतून घेतलेली. एक पोरगेला सैनिक रोज संध्याकाळी त्याच्या सोबत्याला सांगायचा, आईच्या हातची रोटी आठवते. शत्रूच तो, पण त्याचा आवाज एक दिवस बंद झाला तेव्हा बिरा जेवला नव्हता. आत्ता तोच पोरगा म्हसवडची गाडी पुकारतोय. आत्मारामला त्याचं नवल वाटत नाही.

गाडीत माणसं बसलीत. सगळी चांदीच्या रंगाची, ताठ, मांडीवर हात ठेवून. पुढच्या बाकावर बिराचा पणजा, त्याच्यामागं आजा, खिडकीशी धाकटा भाऊ. बिरा पायरीवर पाय ठेवतो.

"दादा," धाकटा आतून विचारतो, "वहिनी 'या' म्हनली का?"

"न्हाय."

"मग रं कसं?"

"उभ्यानं येतो की. दांडीला धरून येतो."

"उभ्याची गाडी न्हाय ही," आजा म्हणतो. रागानं नाही, आपलं असतं तसं. कंडक्टर दोनदा घंटी मारतो. गाडी हलते आणि बिरा पायरीवरून मागं होतो. असं त्याचं पुष्कळदा झालं असणार, कारण तो गाडीमागं पळतसुद्धा नाही. धूर ओसरेपर्यंत बघत राहतो आणि नाक पुसतो.

 आता बोललं नाही तर मग कधीच नाही, असं आत्मारामला वाटतं.

"उस्ताद, वहिनी 'या' का म्हणत नाही, ते ठाऊक हाय तुम्हाला?"

"रागावली आसंल. सालातनं एकदा घरी जायचो, त्येबी आठ दिसांसाठी. रागवायचीच."

"तसं न्हाय. तुमचा सदरा घरी गेला. टिटवी मी उसवली होती, पण भोकं राहिली. वहिनीला वाटतंय, तिकडं तुमची दुसरी कुणी होती. तिनं छातीला काहीतरी शिवून दिलं होतं."

बिरा आधी मोठ्यानं हसतो. "मला? दुसरी? आरं, ह्या तोंडाला पयली मिळाली हेच नशीब! तिचा बाप तर..." आणि तिथंच थांबतो. त्याच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागतो, पण जातं.

"कवापास्नं वाटतंय तिला असं?"

"सदरा धुतला तेव्हापासनं."

"म्हंजी समदं आयुष्य."

"हो."

"आन कुनाला बोलली न्हाय?"

"काल पहिल्यांदा. माझ्यापाशी."

बिरा खाली बघतो. बर्फ त्याच्या खांद्यावर साचत चाललंय. "आपुन ऐकल्यालं गिळायचो, आत्म्या," तो म्हणतो, "पर त्येचा पगार मिळायचा आपल्याला. कापडं मिळायची, मेल्यावर बायकूला पेन्शन मिळायची. ठकीनं आपली आपन गिळलं. तिला कुनी काय दिलं?"

आत्माराम रडतोय. म्हातारा माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाकातून. "मग मला सोडा, उस्ताद. मी तिला सांगतो. शब्द परत घ्या."

"आरं, कसला शब्द आन काय! रांगेतली पोरं मरू नयेत म्हनून घेतला हुता. आता रांगेत कोन हाय?"

"कुणी नाही. सगळी गेली."

"मग बोल की, गाढवा!"

"येत नाही," आत्माराम म्हणतो. "काल तोंड उघडलं होतं. जीभ वळत नाही. मी तुकडीतून निघालो तेव्हा माझी टिटवी उसवायला तुम्ही नव्हता. माझी मीच उसवली. तशी उसवलेली चालत नाही. उस्तादानं शिवली तर उस्तादानंच उसवायची."

"मग इतकी वर्सं माझी वाट बघत बसलास व्हय?"

"काय करणार! तुम्ही आलाच नाही."

"कुटनं येनार? मला कुनी बसाय सांगंना." बिरा लांब श्वास सोडतो. "लई दमवलं रं ह्या पाखरानं आपल्या दोघास्नी. वर कर बंडी."

स्टँड नाही. माळ आहे. कुसळं वाऱ्यानं एका बाजूला कललीत, मेंढरं खाली मान घालून चरतायत आणि ऊन उतरलंय. बिरा चालत्या मेंढराच्या पाठीवरून बोटभर काळी लोकर ओढतो, मांडीवर घासून तिला पीळ देतो आणि दाभणाच्या नेढ्यात ओवतो. त्याला चष्मा लागत नाही, चष्मा लागायच्या आधीच तो मेला.

"पर उसवायला आधी शिवल्यालं पायजे," तो म्हणतो. "तुझ्या अंगावर कायच न्हाय. म्हंजी पुन्यांदा शिवाय लागनार."

"पुन्हा? अजून बांधता काय मला?"

"गप उभा ऱ्हा. हालू नगं, टोचंल."

तो वाकून आत्मारामच्या बंडीच्या आतल्या अंगाला टाके घालायला लागतो. त्याच्या केसांना बर्फाचा नि धुराचा वास येतोय. दाभण आत जातं, लोकर ओढली जाते, छातीशी गरम घासते. कितीतरी वर्षांपूर्वी तबेल्यात आत्माराम असाच उभा राहिला होता.  लांब कुठंतरी एक टिटवी ओरडायला लागते.

"आता म्हन माज्या मागनं," बिरा म्हणतो. "ही टिटवी."

"ही टिटवी."

"घरी न्यायची."

आत्माराम थांबतो. त्याला वाटतं उस्ताद चुकला. तो वाकून तोंड बघायला जातो, तर बिरा मान वर न करता दाभण ओढतोय.

"म्हन की. का कानबी गेलं तुझं?"

"घरी न्यायची," आत्माराम म्हणतो.

"झालं मग," बिरा म्हणतो आणि दातांनी लोकर तोडतो.

टिटवी जवळ आलीय. अगदी कानाशी ओरडतेय. ओरडता ओरडता तिचा आवाज गंजलेल्या बिजागरीचा होतो, मग फाटकाचा होतो, आणि फाटकातून कुणीतरी विचारतं, "भावजी, निजलाय व्हय?"

आत्माराम डोळे उघडतात. नळ बंद आहे. पडवीच्या पायरीवर ठकूवहिनी पदरानं वारा घेत बसल्यात आणि सुरेखा त्यांना पाण्याचा तांब्या देतेय.

"आबा, वहिनीआजी केव्हाच्या आल्यात," सुरेखा म्हणते. "तुम्ही झोपेत बोलत होता. उठवू का नको, कळेना."

"निजू द्यायचं हुतं," ठकूवहिनी म्हणतात. "मला कुटं गाडी गाठायचीय."

आत्माराम उठून बसतात.  बोलायला तोंड उघडतात, आणि छातीशी काहीतरी चरचरतं. कुसळ गेलं असेल म्हणून ते बंडीत हात घालतात. कुसळ नाही. हाताला जाडसर, खरखरीत, गोल काहीतरी लागतं. ते बंदांच्या गाठी सोडतात. मग डावा पदर उलटा करून उन्हाकडं धरतात.

काळ्या लोकरीची टिटवी आहे. एवढीशी, मान वर केलेली, चोच उघडी. लोकर न धुतलेली, अजून तेलकट, आणि तिला मेंढराचा ताजा वास येतोय.

"हे कुणी शिवलं, आबा?" सुरेखा पुढं येते. "सकाळी मीच धुऊन वाळत घातली होती ही बंडी. तेव्हा नव्हतं की काही."

 ठकूवहिनी तांब्या खाली ठेवून जवळ आल्यात. अंगठा त्या टाक्यांवरून फिरवतात, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग बंडीचा पदर पुन्हा सरळ करून बाहेरून बघतात. बाहेरून काही दिसत नाही. पुन्हा उलटा करतात.

"ह्यो घोंगडीचा टाका हाय," त्या हळू आवाजात म्हणतात. "पट्टीला पट्टी जोडायचा. गाठ मारायची न्हाय, दोनदा माघारी फिरवून घ्यायचा. त्येंच्या आयनं त्येंस्नी शिकिवला आन त्येंनी मला." त्या आत्मारामकडं बघतात. "आन हातबी त्येंचाच हाय, भावजी. मला काय कळत न्हाय व्हय? त्येंनीच शिवलीय ही."

"त्यांनीच, वहिनी," आत्माराम म्हणतात. आणि जीभ वळते. तेच दचकतात इतकी सहज वळते. "दुसरी कुणी नव्हती. कधीच नव्हती. आम्हां सगळ्यांना त्यांनीच शिवून दिली, आणि त्यांची त्यांनी. आमचं निशाण होतं ते. कुणाला दाखवायचं नाही असा हुकूम होता. ते गेले तेव्हा त्यांची मी उसवली, माझ्या हातानं. तुम्हाला भोकं दिसली ती माझ्या ब्लेडनं मोकळी झालेली भोकं." मग ते सांगत सुटतात. तबेला, खेचरं, गाढवाचे कान, तुटलेली तार, बर्फ, सगळं. सुरेखा तोंडाला हात लावून दारात उभी राहते. तिच्या लग्नापासून ह्या माणसानं इतकं सलग बोललेलं तिनं ऐकलेलं नाही.

 ठकूवहिनी अंगठा टिटवीवर तसाच ठेवून ऐकतात. आत्माराम बोलायचे थांबतात तेव्हा त्या डोळे पुसतात, नाक पुसतात, आणि मग त्यांना हुंदका फुटतो तो आवरतच नाही.

"सपनात येतंय हो मानूस," त्या म्हणतात. "रोज येतंय. दाराशी उभं ऱ्हातंय आन म्हनतंय, 'ठके, जरा टेकू का?' मीच आत या म्हनत न्हवते. त्वांड फिरवून निजायचे."

आत्माराम सरकून खाटेवर जागा करतात. सुरेखा ठकूवहिनींच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना तिथं बसवते. जरा वेळानं त्या शांत होतात, पदर सावरतात आणि ऊन किती उरलंय ते बघतात.

"ती बंडी काढून द्या माझ्याकडं," त्या म्हणतात.

"न्या, वहिनी. तुमचीच हाय."

"सोनाराला दावायचीय. टाकावर हे पाखरू काढ म्हनते त्येला. छातीवर." त्या बंडीची घडी घालतात, टिटवी वर येईल अशी. "आन भाईरच्या अंगाला."